मयतीचा नंबर पहिला, मग जित्याचा कितवा?

लग्नसराई सुरू झाली की माझ्या छातीत अजूनही धडधडायला लागतं. वास्तविक मी ना नवरी, ना वरमाय. मी नांदेडच्या एका फोटो लॅबमधली सर्व्हरवाली बाई. होते म्हणायला हवं, कारण आता रीतसर निवृत्त होऊन लातूरला घरी बसले आहे. पण पहिला मुहूर्त निघाला की हात शिवशिवतात. शेजारच्या मंगल कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली की बाकीच्या बायका अक्षता शोधतात आणि मी कॅमेरे मोजते. दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला, वर घोंघावणारा ड्रोन. अरे बापरे, म्हणजे उद्या सकाळी कुणाच्या तरी सर्व्हरचं काही खरं नाही!

बाहेरच्या माणसाला फोटो लॅब म्हणजे पासपोर्ट फोटोचं दुकान वाटतं. आमच्याकडे पासपोर्ट फोटो निघायचे, पण खरा धंदा लग्नाच्या अल्बमचा. मुखेड, धर्माबाद, किनवट, सगळीकडचे फोटोग्राफर लग्न उरकलं की पहिली एसटी पकडून आमच्याकडे यायचे. खिशात कॅमेऱ्याचं कार्ड, डोळे लाल, शर्टावर हळदीचे डाग. कार्डातले हजारो फोटो आमच्या मोठ्या सर्व्हरवर उतरवून घ्यायचे, कार्ड रिकामं करून परत न्यायचं आणि पुढच्या लग्नाला पळायचं. मग आमचे डिझायनर त्यातले फोटो निवडून अल्बम रचायचे आणि आतल्या खोलीतलं प्रिंटिंग मशीन दिवसभर घरघरत राहायचं. हे सगळं ज्या कपाटाएवढ्या सर्व्हरवर चालायचं, त्याचं पोटपाणी बघणारी मी.

‘म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. माझे दीर अजून पाहुण्यांना सांगतात, ‘वहिनी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या.’ आता या निमित्ताने एकदाचं सांगून टाकते.

सर्व्हरच्या आत डिस्क असते. एक गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे पळणारी एक बारीक भुजा. भुजा एकच, आणि मागणी करणारे पन्नास. एकाला वरच्या टोकाचा फोटो हवा, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला खालच्या टोकाला काहीतरी लिहायचंय. प्रत्येकाच्या हाकेला भुजा धावत सुटली तर दिवसभर नुसती पळेल आणि काम कुणाचंच होणार नाही. म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम उभा असतो. त्याला शेड्युलर म्हणतात. मी त्याला मुकादम म्हणायचे. मुकादम शेजारशेजारच्या मागण्या एकत्र बांधतो, भुजेला एका दिशेने नेता नेता वाटेतली कामं उरकतो. पण त्याची खरी हुशारी आहे ती माणसं ओळखण्यात.

पिठाच्या गिरणीत बघा. काहीजण डबा ठेवून निघून जातात, संध्याकाळी नेतील. काहीजण डब्याशेजारी उभे राहतात, कारण घरी तवा चुलीवर आहे. शहाणा गिरणीवाला उभ्या माणसाचं आधी दळतो. आमचा मुकादमही तेच करतो. डिस्कवरून काही वाचायची मागणी आली, म्हणजे कुणीतरी पडद्यासमोर थांबलेलं आहे. लिहायची मागणी आली, म्हणजे बहुतेक वेळा डबा ठेवून माणूस गेलेला आहे. म्हणून वाचणाऱ्याला आधी सोडायचं. लिहिणारे काही असेही असतात की ‘लिहिलं गेलं, असं सांगेपर्यंत मी हलणार नाही’ म्हणून अडून बसतात. त्यांना मुकादम उभ्या माणसांतच धरतो. आणि ठेवून गेलेला डबा अगदीच कोपऱ्यात पडून राहू नये म्हणून त्यालाही एक मुदत लावलेली असते. याच्या वर आम्ही तीन वर्ग करू शकतो: तातडीचा, रोजचा आणि रिकाम्या वेळचा. तातडीच्याला सगळ्यांच्या आधी वाट, रिकाम्या वेळच्याला इतर कुणी नसेल तेव्हाच.

हा धडा पुस्तकात मी वाचला होता, पण डोक्यात शिरला तो लातूरच्या माझ्या पहिल्या नोकरीत. एका क्लासमध्ये सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून साठवायचं काम होतं. एका निकालाच्या दिवशी स्कॅनिंग चालूच राहिलं आणि बाहेर पालकांना निकालाचं पान उघडेना. एक आई काचेवर थापा मारत ओरडली, ‘तुमचं लिवायचं नंतर लिवा की, आधी आमचं वाचून दाखवा!’ मी स्कॅनर बंद केला. निकाल फटाफट उघडले. त्या बाईंचे मी मनोमन पाय धरले.

नांदेडच्या लॅबचे मालक हबीबभाई. त्यांच्या वडिलांपासूनचा हा धंदा, काळ्या कापडाच्या कॅमेऱ्यापासूनचा. गोरा, जाडसर माणूस, तोंडात सदैव बडीशेप. त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता, आणि तो सगळ्या फोटोग्राफरांना पाठ होता. मयतीचा फोटो पहिला. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि हाराखाली ठेवायला फोटो मोठा करून हवा असेल, तर त्याच्यापुढे कुणाचा अल्बम नाही, कुणाची घाई नाही. कुणी गेलं म्हणून सांगितलं की पुरावा विचारायचा नाही. मी आल्यावर हा रिवाज सर्व्हरला शिकवला. ‘मयत’ नावाचा एक फोल्डर केला. त्यात फोटो टाकला की त्याची सगळी कामं तातडीच्या वर्गात जायची, फोटोभोवती आपोआप चंदनाचा हार यायचा, खाली समई, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि प्रिंट सरळ मशीनमधून बाहेर. हबीबभाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बडीशेप चघळायची थांबली होती. ‘मॅडम, ये तो जादू है,’ म्हणाले. मी दिवसभर हवेत होते.

पण घाई कुणाला नसते? आमच्याकडे वाढदिवसाचे बॅनर छापून न्यायला येणारी कार्यकर्ते मंडळी असायची. त्यांचं प्रत्येक काम ‘लई अर्जंट’. त्यातल्या एकाला कुठून तरी कळलं की अमुक फोल्डरमध्ये फाईल गेली की लगेच निघते. त्याच्या भाऊंचा वाढदिवस होता आणि भाऊंना भेट द्यायला त्यांचाच मोठा फोटो फ्रेम करून हवा होता. त्याने एका नव्या डिझायनरला चहा पाजला, गोड बोलला आणि भाऊंचा हसरा फोटो त्या फोल्डरात टाकायला लावला. प्रिंट निघाला, फ्रेमवाल्याने बसवला, वर चमकीचा कागद गुंडाळून दिला. कुणी निरखून पाहिलंच नाही.

संध्याकाळी भर व्यासपीठावर भाऊंनी स्वतःच्या हातांनी कागद फाडला. आत भाऊ हसतायत, भोवती चंदनाचा हार, खाली समई.

आम्हाला फोन आला तेव्हा मागे नुसता गलका होता. हबीबभाई मला घेऊन तिथे गेले. भाऊंच्या आई पदर कमरेला खोचून उभ्या होत्या, ‘कुठं हाय तो मेला फटूवाला?’ मला वाटलं, आज आपला हार ठरला. हबीबभाई शांतपणे पुढे गेले, आईंच्या पाया पडले आणि म्हणाले, ‘अम्मा, मरायची झुटी खबर आली की माणसाची उमर वाढते. मी तर भाऊंची उमर वाढवून दिली.’ आई आधी रडल्या, मग हसल्या. भाऊंनी जेवूनच जा म्हणून आग्रह केला. हबीबभाईंनी पोटभर जेवण केलं, मी ताटात नुसती बोटं फिरवत होते. दुसऱ्या दिवशी मी त्या फोल्डरला कुलूप घातलं. त्याचा पासवर्ड फक्त हबीबभाईंना.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मोठा मुहूर्त होऊन गेला होता. एका दिवशी इतकी लग्नं की ब्राह्मणसुद्धा मोटरसायकलवरून एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. त्यानंतरची सकाळ म्हणजे आमची दिवाळी. काउंटरवर फोटोग्राफरांची ही गर्दी, चारी कार्ड-रीडर धडाधड फोटो उतरवतायत, डिझायनरांच्या रांगेत सगळे पडदे उजळलेले, मशीन घरघरतंय. मला असल्या दिवशी अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. हबीबभाई पुतण्याच्या लग्नाला लातूरला गेलेले, म्हणजे दुकान माझ्यावर. मी कंबर कसून तयार होते, कारण मी कार्ड उतरवायचं सगळं काम रिकाम्या वेळच्या वर्गात टाकून ठेवलं होतं. फोटोग्राफर कार्ड देऊन चहाला जातो, म्हणजे डबा ठेवून गेलेला माणूस. त्याला कशाला घाई? असा माझा चोख हिशेब.

गर्दीतून एक पन्नाशीचा माणूस पुढे आला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. काउंटरला धरून म्हणाला, ‘मॅडम, मयत झाली की फटू लगेच देता म्हणं इथं.’

‘हो मामा. कोण गेलं?’

‘कुणी न्हाई गेलं. जिती हाय. म्हणून तर आलो.’

मला काही उलगडेना. मग त्याने एका दमात सांगितलं. किनवटकडची एक बाई इथल्या दवाखान्यात होती. लेकीचं लग्न काल गावाकडे झालं, हिला जाता आलं नाही. आज दुपारी तिला ऑपरेशनला आत घेणार होते, आणि डॉक्टरांनी घरच्यांना सह्या करायला लावताना काही लपवलं नव्हतं.

‘तिचा सख्खा भाऊ लई वर्सं बोलत न्हाई तिच्याशी. शेताच्या बांधावरून. तर अक्षता पडताना पोरीच्या मागं मामा हुबा होता का न्हाई, एवढंच तिला बघायचंय. समदे सांगून राहिले, आला होता म्हणून. तिला पटत न्हाई. म्हणती, मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिलेत.’

‘मोबाईलवर कुणी काढला असेल ना?’

‘मोबाईलमंदी ज्याचं त्याचं थोबाड हाय. मामा कुणीबी काढला न्हाई. आन् आयसीयूत मोबाईल नेऊ देत न्हाईत. कागुद नेऊ देतो म्हणली सिस्टर.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. मामा नसला तर जागा रिकामी ठेवत नाहीत, दुसरं कुणी उभं करतात, पण अख्ख्या मांडवाला ते दिसतं. आईच्या जिवाला तर ते जन्मभर लागतं.

मी विचारलं, ‘लग्नाचे फोटो कुणी काढले?’

‘नामदेव म्हणून हाय कुणी. त्यानं कार्ड तुमच्याकडंच दिलं म्हणला.’

नामदेव आमचं जुनं गिऱ्हाईक. पहाटेच्या गाडीने येऊन कार्ड उतरवून, रिकामं करून मुखेडच्या लग्नाला निघूनसुद्धा गेला होता. म्हणजे फोटो आता एकाच जागी होता, माझ्या सर्व्हरवर. मी म्हटलं, ‘मामा, आज फार गर्दी आहे, पण बघते.’

तो काउंटरवरून हात न काढता म्हणाला, ‘मयत झाल्यावर लगेच देता. मग जिती हाय तवर का न्हाई द्यायचं?’

 धर्माबादचा एक फोटोग्राफर मघापासून बसच्या नावाने ओरडत होता, तो वळून त्याच्याकडे बघायला लागला. 

मी रुखसानाकडे धावले. रुखसाना म्हणजे आमची सगळ्यात चपळ डिझायनर. ‘नामदेवचं किनवटचं लग्न उघड.’ तिने उघडलं. पडद्यावर फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन. हजारो करडे चौकोन. ‘मॅडम, अर्ध्या तासापासून असंच होऊन राहिलंय,’ ती म्हणाली. ‘एकेक फोटो उघडायला किती वेळ खायला लागलंय बघा.’ सगळे डिझायनर माऊसवर हात ठेवून पडद्याकडे टक लावून बसले होते. सगळे उभे होते डब्याशेजारी, आणि गिरणी दुसऱ्याच कुणाचं तरी दळत होती.

रुखसाना हळूच म्हणाली, ‘भाईंना फोन करून मयतचा पासवर्ड घ्यायचा का?’

एक क्षण मलाही मोह झाला. मग डोळ्यांसमोर आलं, नवरी, तिच्यामागे मामा आणि दोघांभोवती चंदनाचा हार. तो कागद आयसीयूत त्या बाईच्या हातात! मी म्हटलं, ‘मेले, तोंड धू.’

मी माझ्या खुर्चीवर बसले आणि मुकादमाची रांग पडद्यावर आणली. रांग लिहिणाऱ्यांनी तुडुंब भरलेली. कार्ड उतरवणारे तर सगळे रिकाम्या वेळच्या वर्गात, मागे हात बांधून उभे, अगदी सभ्य. मग हे लिहिणारे आले कुठून? नाव बघितलं तर सगळ्यांवर एकच नाव, सिस्टिमच्या स्वतःच्या नोकराचं. आणि वर्ग? रोजचा.

आता हे नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा क्षण हा आहे. कुणी काही लिहायला दिलं की कॉम्प्युटर ते ताबडतोब डिस्कवर नेत नाही. आधी मेमरीत ठेवून घेतो आणि म्हणतो, झालं काम, जा. मग त्याचा स्वतःचा एक हमाल सवडीने ते गठ्ठे उचलून खाली डिस्कवर नेतो. आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यावर मालकाची चिठ्ठी लावून द्यावी आणि हमालाने गोदामात नेताना ती चिठ्ठी काढून टाकावी, तसं झालं होतं. मी ज्यांच्यावर ‘यांना घाई नाही’ अशी चिठ्ठी लावली होती, त्यांचा माल हमालाच्या नावावर, रोजच्या वर्गात, लोंढ्याने खाली येत होता, आणि मुदत उलटलेले गठ्ठे वाचणाऱ्यांच्याही आधी घुसत होते. मुकादमाला बिचाऱ्याला कळायचं कसं?

मी खुर्चीवरून उठून ओरडले, ‘हमाल! हमाल चिठ्ठ्या काढतोय!’

सगळे फोटोग्राफर वळून दाराकडे हमाल शोधायला लागले.

समजावून सांगायला वेळ नव्हता. मी काउंटरवर येऊन दोन्ही हात वर केले. ‘नवीन कार्ड कुणी लावायचं नाही. लावलेली चालू कार्डं मी थांबवतेय.’ मग काय विचारता! जो तो ओरडायला लागला. धर्माबादवाला म्हणाला, ‘मॅडम, आज माझं हळदीचं काम हाय, कार्ड मोकळं करून न्यायचंय, बस गेली तर मी काय नवरीचं चित्र काढू का हातानं?’ त्याचंही खरं होतं. मी काही बोलायच्या आत तो किनवटचा माणूस त्याच्यापुढे गेला आणि त्याने नुसते हात जोडले.  धर्माबादवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच पुढे होऊन आपलं कार्ड रीडरमधून काढायला आला आणि बाकीच्यांना म्हणाला, ‘ऐका की रे मॅडमचं. आपली नवरी कुठं पळून चालली.’

कार्डं थांबली. हमालाच्या डोक्यावरचे उरलेले गठ्ठे उतरेपर्यंत मी पडद्यावरचा आकडा घसरताना बघत उभी होते. चूल पेटत नसली की फुंकणी घेऊन बसतात, तशी मी त्या आकड्याला मनातल्या मनात फुंकत होते. तेवढ्यात नामदेवला फोन लावला. तो बसमध्ये होता, खिडकीच्या खडखडाटात ओरडून बोलत होता.

‘मामा? हाव, आला होता ना मॅडम! ऐन टायमाला आला, शेवटची मंगलाष्टक चालू होती. मी स्टेजच्या मागल्या बाजूनं चढून एक काढला बघा. अंतरपाट, नवरी, मागं मामा. अक्षता पडल्या की उतरून निघूनच गेला तो. जेवला बी न्हाई.’

आणि मग ते झालं. करडे चौकोन एकेक करत रंगीत व्हायला लागले. वरून खाली, जशी पाटावर रांगोळी भरत जावी. हळद, घाणा, मुंडावळ्या, वरात. डिझायनरांच्या रांगेतून ‘आलं, आलं!’ असा गजर झाला. वाचणाऱ्यांना वाट मिळाली होती. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या, आणि वयाचा विचार केला नाही.

रुखसानाने सरसर चौकोन मागे टाकले. ‘थांब,’ मी म्हटलं. मागच्या बाजूने काढलेला तो एकच फोटो. पिवळा अंतरपाट, मान खाली घातलेली नवरी, हवेत थांबलेले तांदळाचे दाणे. नवरीच्या मागे एक माणूस ताठ उभा, दोन्ही हात तिच्या खांद्यांच्या जरा वर, जणू ठेवू का नको अशा बेतात. घाईत बांधलेला फेटा एका कानावर घसरलेला. मशीनवरचा अल्बम थांबवून रुखसानाने तो मोठ्या कागदावर सोडला.

प्रिंट सरकत सरकत बाहेर आला. आधी तांदूळ, मग फेटा, मग कपाळ. मग उजव्या भुवईवरची ती जखमेची खूण.

मी मान वर केली. तो काउंटरला धरून तसाच उभा होता.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘हे तर तुम्हीच.’

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. ‘भाचीनं फोन केल्ता, आई इस्वास ठेवत न्हाई म्हणून. रातच्याला निघालो. दवाखान्याच्या दारापतुर जाऊन माघारी आलो, दोन बार. आत जायाची छाती होईना. मला एकदम बघून तिचं बीपी वाढलं तर? आधी फटू आत जाऊ द्या. त्याच्या मागनं मी जातो.’

  रुखसानाने प्रिंट जाड पाकिटात घातला, गल्ल्याशेजारची स्कूटीची किल्ली उचलली आणि म्हणाली, ‘बसा मामा मागं. दुपार होऊन राहिली.’

ती परत आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. सिस्टरने पाकीट आत नेलं, एवढंच तिने पाहिलं होतं. नंतर मामांनाही आत बोलावलं, आणि दार लागलं. पुढचं काही माहीत नाही.

मी सगळ्यांची कार्डं पुन्हा सुरू केली, पण आता नवीन पद्धतीने. माल मेमरीत साठवायचा नाही, हमालाच्या हातात द्यायचा नाही, थेट डिस्कवर न्यायचा, आपली चिठ्ठी आपल्यासोबत. कार्डं जरा सावकाश उतरली, पण डिझायनरांचे पडदे शेवटपर्यंत रंगीत राहिले. धर्माबादवाल्याची बस चुकलीच. तो वडाप जीपने गेला आणि जाताना मला म्हणाला, ‘मॅडम, तो हमाल सापडला का मग?’

दुसऱ्या दिवशी हबीबभाई आले. मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, ‘अब्बांनी हा रिवाज पाडला, मॅडम, तेव्हा दुकानात मयतवालेच खडे राहायचे. बाकीचे सांगून जायचे, आठ दिवसांनी यायचे. अब्बा मयतीला पहिला नंबर नव्हते देत. जो खडा हाय, त्याला देत होते.’ माझा सगळा मुकादम त्यांच्या अब्बांच्या एका वाक्यात बसला होता, आणि मी त्याला फोल्डरचं नाव देऊन बसले होते. त्याच दिवशी मी तातडीच्या वर्गात आणखी एक फोल्डर केला, बिनहाराचा. त्याला नाव दिलं ‘दारात उभे’. त्यालाही कुलूप घातलं, हे सांगायला नकोच. कार्यकर्त्यांचे वाढदिवस काही थांबत नाहीत.

पण त्या बाईंचं काय झालं, हे कळेना. दवाखान्यात जाऊन विचारावं असं रोज वाटायचं आणि मी रोज टाळायचे. वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती. कुणी ‘मयत’ फोल्डरसाठी आलं की मी आधी फोटोतला चेहरा बघायचे आणि मग श्वास सोडायचे. तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, तरी.

लग्नसराई सरत आली तेव्हा एका दुपारी तो आला. तोच पांढरा सदरा, तोच टॉवेल, हातात तेच जाड पाकीट. मी काउंटरवरच उभी होते. त्याने पाकिटातून फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. कडा जरा चुरगळल्या होत्या, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं होतं.

मी घाबरत घाबरत विचारलं, ‘मामा, दुसरी प्रत हवी आहे का?’

‘दुसरी नको. ह्यातला तेवढा फेटा सरळ करता येईल का?’

‘फेटा?’

‘हाव. फटू बघून आधी लई रडली. मग म्हणली, पोरीच्या अक्षता पडून राहिल्या आन् तुला फेटा बी धड बांधता येत न्हाई का रे? आता घरी गेल्यापासून आल्यागेल्याला दाखवती, आन् दर बारी माझ्या फेट्यावरून बोलती.’ तो हसला, आणि भुवईवरची खूण कपाळभर पसरली. ‘मागल्या सालात एक शबूद बोलत नव्हती. आता बोलायची थांबतच न्हाई.’

मी फोटो उचलला. वहिवाटीप्रमाणे विचारलं, ‘किती घाई आहे?’

‘कसली घाई मॅडम आता,’ तो म्हणाला. ‘सावकाश द्या. दिवाळीला दिला तरी चालंल.’

मी आत जाऊन त्याची फाईल सगळ्यात खालच्या, रिकाम्या वेळच्या वर्गात टाकली. आयुष्यभर मी मागण्यांना वर्ग दिले, पण इतक्या आनंदाने कुणाला खाली ढकललं नव्हतं.